फर्मान आणि करीना

कांहीं वर्षांपूर्वीं भोर येथें एका वक्तृत्वस्पर्धेचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला आला. मावळच्या इतिहासांतील एखादा प्रसंग, असा विषय होता. आणि भोरांत असा विषय दिल्यावर मुलें कोणता प्रसंग निवडणार हें सांगावयास ज्योतिषी लागत नाहीं. निम्म्याहून अधिक मुलें कान्होजी जेध्यांवर बोललीं. त्यांतल्या एका मुलानें सभा जिंकली. त्याचा आवाज चढत गेला, हात वर गेले, कान्होजींनीं वतनावर पाणी सोडलें तेथें त्याचा कंठ दाटून आला, आणि समोर बसलेल्या आयाबायांनीं पदर डोळ्यांना लावले. त्याच्यामागून एक मुलगी आली. तिनें तीच हकीकत, घरांत बोलावें तशा आवाजांत सांगितली. शिवाजीमहाराज कान्होजींना, तुम्ही खुशाल खानाकडे जा, असें सांगतात, त्या ठिकाणीं ती थांबली आणि क्षणभर कांहींच बोलली नाहीं. सभागृहांत कोणीतरी खोकलें. आम्हां तिघां परीक्षकांनीं पहिलें बक्षीस मुलाला दिलें. निकालपत्रावर माझीहि सही आहे.

तो निकाल चुकला, असें परततांना कापूरहोळचा फाटा येण्याच्या आधींच मला वाटूं लागलें होतें. कां चुकला हें नीट शब्दांत सांगतां यावयास मात्र बराच काळ जावा लागला, आणि त्यासाठीं भाषणें बाजूला ठेवून मूळ कागदांकडे वळावें लागलें.

हकीकत बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. विवेचनाला लागेल तेवढीच सांगतों. १६५९ सालीं विजापूरच्या दरबारानें अफझलखानाला शिवाजीमहाराजांवर नेमलें. मावळचे देशमुख नांवानें विजापूरचे चाकर. पण महाराजांचा उद्योग सुरू झाल्यापासून त्यांची ओढ दुहेरी झालेली. हे देशमुख ज्या बाजूला जातील त्या बाजूला डोंगरांतल्या वाटा, गांवोगांवचें धान्य आणि हत्यार धरणारे हात जाणार, हें दरबार जाणून होता. दुसऱ्या अली आदिलशहानें कान्होजी जेध्यांना धाडलेलें १६ जून १६५९ चें फर्मान आज आपल्याला उपलब्ध आहे. जेधे हे कारीचे, आणि खोपडे हे उत्रौळीचे. दोघेहि रोहिडखोऱ्याचे देशमुख, आणि दोन्ही गांवें आजच्या भोर तालुक्यांतलीं. खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपल्या पांच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले, ज्यांचें बिऱ्हाड त्या काळीं राजगडावर, म्हणजे वेल्हे तालुक्यांत, होतें. (त्या तालुक्याला राजगड हेंच नांव देण्याचा निर्णय शासनानें २०२४ मध्यें घेतला.)

या प्रसंगाविषयीं दोन कागद माझ्यासमोर आहेत: एक तें फर्मान, दुसरा जेध्यांचा करीना. करीना म्हणजे घराण्याची पूर्वापार हकीकत. वतनाचा हक्क सांगावयाचा असला कीं ती पुढें ठेवीत. याच घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली, आणि शिवचरित्रांतल्या कित्येक तारखा तिच्यामुळें जाग्यावर बसल्या. असे कागद आपल्याकडे इतिहासकार वाचतात, नाटककार त्यांतून प्रवेश काढतात. टीकाकार तिकडे सहसा फिरकत नाहीं. वास्तविक श्रोत्याचें मन कशानें वळतें हा प्रश्न ज्याला पडला आहे, त्याला याहून चांगला पाठ मिळणें कठीण. कारण येथें श्रोता एकच आहे, आणि त्याला दोन्ही बाजूंनीं बोलावणें आलेलें आहे.

आधीं फर्मान घेऊं. त्याची मांडणी चोख आहे. शिवाजीनें अविचारानें आणि अज्ञानानें निजामशाही कोंकणांतल्या मुसलमानांना उपद्रव दिला, लूट केली, किल्ले घेतले. म्हणून त्या बाजूच्या सुभेदारीवर अफझलखानाची नेमणूक झाली आहे. म्हणून तुम्हीं खानाच्या आज्ञेंत राहून शिवाजीचा मोड करावा, त्याच्या माणसांना थारा देऊं नये, सांपडतील त्यांना मारावें. खान शिफारस करील त्याप्रमाणें तुमची बढती होईल. याविरुद्ध वागाल तर त्यांत तुमचें बरें नाहीं. कारण, कार्य, कर्तव्य, बक्षीस, दहशत: एकेक पायरी जेथें हवी तेथें आहे. कॉलेजांतल्या विद्यार्थ्यानें एवढ्या शिस्तीनें निबंध लिहिला तर मी त्याला चांगले गुण देईन.

युक्तिवाद एवढा नेटका असून भावनेलाहि हात घातलेला आहे, हें विसरतां कामा नये. भीति आणि लोभ या भावनाच आहेत; ॲरिस्टॉटलनें आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथांत भीतीला स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. मन वळविण्याचीं तीन साधनें तो सांगतो: युक्तिवाद, श्रोत्याच्या भावना, आणि वक्त्याची स्वतःची पत. त्यांपैकीं पहिलीं दोन फर्मानांत उघड आहेत. तिसऱ्याचें काय? दरबाराची पत तर शिक्क्यांतच असते, असें लिहिणाऱ्याला वाटलें असावें.

पण फर्मान दोनतीनदां वाचल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, त्यांत कान्होजी नांवाचा मनुष्य कोठेंच नाहीं. वरचें नांव खोडून दुसऱ्या कोणत्याहि देशमुखाचें घातलें तरी मजकुरांत काडीचा फरक करावा लागणार नाहीं. आणि या मनुष्याला उद्देशून लिहितांना एक गोष्ट तरी आठवावयास हवी होती. १६४८ सालीं जिंजीच्या वेढ्यांत विजापूरच्याच सरदारानें शहाजीराजांना कैद केलें, त्या वेळीं त्यांच्याबरोबर कान्होजीहि कैद झाले होते. त्या कैदेला जेमतेम अकरा वर्षें झालीं होतीं. ज्याला आपण बेड्या घातल्या त्यालाच आतां बढती देऊं करावयाची, आणि मागचें एक अक्षर काढावयाचें नाहीं, यांतला विसंवाद विजापूरच्या लेखनिकाला जाणवला नाहीं. कारीच्या देशमुखाला तो जाणवला नसेल असें कसें म्हणावें?

आमच्या मम्मटानें अकराव्या शतकांत उपदेशाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वेद प्रभूसारखे आज्ञा करतात, पुराणें मित्रासारखीं सांगतात, आणि काव्य प्रियेसारखें मन ओढून घेतें. फर्मान हा प्रभुसंमित उपदेशाचा अस्सल नमुना. आज्ञेला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाहीं, आणि दिसावयाची गरजहि वाटत नाहीं. ॲरिस्टॉटल वक्त्याजवळचीं हत्यारें मोजतो. मम्मट बोलणारा आणि ऐकणारा यांचें नातें काय तें विचारतो. या प्रकरणापुरतें तरी मम्मटाचें माप मला अधिक उपयोगी पडलें.

आतां खंडोजी खोपड्यांविषयीं. आपल्या व्याख्यात्यांनीं त्यांना खलपुरुष करून टाकलें आहे, आणि तसें केल्यानें गोष्ट सोपी होते. पण त्या पावसाळ्यांत रोहिडखोऱ्यांत बसून शांतपणें हिशेब करणाऱ्या मनुष्याला दुसरें कोणतें उत्तर आलें असतें? एका बाजूला दीडशेंहून अधिक वर्षें टिकलेली पादशाही, तिची भरगच्च फौज, आणि वाईच्या सुभ्यावर पूर्वीं राहिलेला, या डोंगरांच्या पलीकडला मुलूख पाहिलेला सेनापति. दुसऱ्या बाजूला तिशीहि न गांठलेला एक तरुण आणि कांहीं किल्ले. त्यांतून खोपड्यांच्या घरांत वतनाचा तंटा. केदारजी आणि खंडोजी यांचें पटत नव्हतें. खानाच्या हातून आपला हक्क मोकळा होईल ही आशा त्यांना वाटली तर तींत अस्वाभाविक काय आहे? तर्काच्या तागडींत घातलें तर खंडोजींचा निर्णय बरोबर ठरतो आणि कान्होजींचा चूक. ही गोष्ट कबूल केल्यावांचून पुढचा प्रश्नच उभा राहत नाहीं. फर्मानांतला युक्तिवाद खोटा नव्हता. तो खरा असूनहि एका माणसावर चालला नाहीं.

करीन्यांतली हकीकत अशी. कान्होजी मुलांसह महाराजांपुढें आले, तेव्हां महाराजांनीं त्यांना थोपवून धरण्याचा प्रयत्न केला नाहीं. उलट, खोपडे वगैरे मंडळी खानाला जाऊन मिळाली. तुम्ही येथें राहाल तर तुमच्या वतनाला धोका पोंचेल, जिवावरहि बेतेल. तेव्हां तुम्हींहि जावें, असें ते म्हणाले. यावर कान्होजींनीं जें उत्तर दिलें तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. तुमच्या पराक्रमावर माझा विश्वास आहे, असें ते म्हणत नाहींत. हा मुलूख आपला आहे, असेंहि प्रथम म्हणत नाहींत. शहाजीराजांनीं आपल्याकडून शपथ घेतली आहे, ती मोडतां येत नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें. कैदेंतून सुटल्यावर शहाजीराजांनीं त्यांना मावळांत परत पाठविलें तें, आपल्या मुलाच्या पाठीशीं उभें राहण्याचें वचन घेऊन. तें वचन दहा वर्षांनीं वटलें. आणि मग वतनाचा प्रश्न मधें येऊं नये म्हणून त्यांनीं पाणी घेऊन वतनावर सोडलें.

या पाण्याविषयीं थोडें विषयांतर करतों. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणें, हा वाक्प्रचार आपण आतां इतक्या सहज वापरतों कीं, सुट्टीवर पाणी सोडलें, पगारवाढीवर पाणी सोडलें, असें दिवसांतून दोनदां तरी कानांवर येतें. त्याच्या मागें दानाचा विधि आहे. दान देणारा हातावर पाणी घेऊन सोडतो आणि त्या क्षणापासून ती वस्तु त्याची राहत नाहीं. साक्षी असतात, शब्द मागें घेतां येत नाहीं. कान्होजींच्या हातून हें झालें तेव्हां त्यांत वाक्प्रचार कांहीं नव्हता. देशमुखी म्हणजे नुसती पदवी नव्हे: वसुलांतला हक्क, इनामाच्या जमिनी, लग्नकार्यांत आणि देवळांत पहिला मान, आणि हें सर्व मुलांनातवंडांकडे जाईल ही शाश्वती. पांचहि मुलें शेजारीं उभीं असतांना त्यांच्या वांट्याचें पाणी बापानें सोडलें. स्पर्धेंतला तो मुलगा या जागीं रडला तें अगदींच अकारण नव्हतें. पण त्यानें पाणी तेवढें पाहिलें.

कारण त्या पाण्याला किंमत आली ती आधींच्या वाक्यामुळें. महाराजांनीं स्वतःच्या तोंडानें प्रतिपक्षाचा युक्तिवाद मांडला. फर्मानांत जें भय होतें तेंच त्यांनीं बोलून दाखविलें, आणि दार उघडें ठेवलें. वक्त्याची पत तीन गुणांनीं बनते, असें ॲरिस्टॉटल सांगतो: शहाणपण, सचोटी आणि श्रोत्याविषयीं हितबुद्धि. यांतला तिसरा गुण शब्दांनीं सिद्ध करणें सर्वांत अवघड. तुमच्या भल्यासाठींच सांगतों, असें फर्मानहि म्हणतें आणि रस्त्यावरचा औषधविक्याहि म्हणतो. श्रोत्याचें हित आपल्या हिताच्या आड येत असतां जो तें उच्चारून दाखवितो, त्याच्याच हितबुद्धीवर माणूस विश्वास ठेवतो. ती मुलगी नेमकी तेथें थांबली होती.

मात्र एका बाबतींत या ग्रीक आचार्याशीं माझें जमत नाहीं. वक्त्याची पत त्याच्या भाषणांतूनच उत्पन्न व्हावी, लोकांचें त्याच्याविषयीं आधीं काय मत होतें हें शास्त्राच्या कक्षेंत येत नाहीं, असें तो म्हणतो. अथेन्सच्या न्यायसभेंत हें ठीक होतें. तेथें शेंकडों पंच चिठ्ठ्या टाकून निवडलेले, त्यांतल्या बहुतेकांनीं वक्त्याला पूर्वीं पाहिलेलेंहि नसे, आणि पाण्याचें घड्याळ रितें होईपर्यंत काय ती पत कमवावयाची. मावळांत सगळें उलट. कोणाच्या आज्यानें कोणाला शब्द दिला, कोणी मोडला, कोणाच्या सोयरिकी कोठें, हें खोऱ्याखोऱ्यांतून पाठ असे. तेथें भाषण सुरू होण्यापूर्वींच निम्मा निकाल लागलेला असतो. किंबहुना कान्होजींचें मन त्या भेटींत वळलेंच नाहीं. तें दहा वर्षांपूर्वीं वळलेलें होतें. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. वतन सोडून आलेल्या या मनुष्याच्या शब्दावर बाकीचीं मावळें वळतील काय?

पुढें महाराजांनीं कान्होजींचा कबिला तळेगांव ढमढेऱ्याकडे हलविण्यास सांगितलें. कारी हें गांव रायरेश्वराच्या डोंगरापाशीं, आणि त्या रांगेच्या पलीकडे वाई, जेथें खानाचा तळ पडावयाचा होता. तेव्हां बायकामुलें दूर ठेवणें शहाणपणाचें होतें. ज्यांना संशयच घ्यावयाचा त्यांनीं असेंहि म्हणावें कीं, बायकामुलें महाराजांच्या बाजूला राहिलीं म्हणजे देशमुखाचा शब्दहि जाग्यावर राहतो. मला दोन्ही अर्थ एकत्र नांदतांना दिसतात, आणि त्यांत विरोध वाटत नाहीं.

मग कान्होजींनीं इतर देशमुखांना बोलावलें. बांदल, शिळीमकर, पासलकर, मारणे, मरळ: एकेक आपल्या खोऱ्याचा धनी. शिळीमकर गुंजण मावळांतले, म्हणजे राजगडाच्या पायथ्याचे. बांदल हिरडस मावळांतले, आणि त्यांचा महाराजांशीं पूर्वीं झगडा झालेला. या सभेंत कान्होजी जें बोलले त्याचा मतितार्थ करीन्यांत आहे, आणि माझ्या मतें या सबंध प्रकरणांतलें खरें भाषण तेंच. त्यांत धर्माचा उल्लेख येतो आणि व्याख्याते तेवढाच उचलतात. पण त्याचा कणा निराळा आहे. काम होईपर्यंत विजापूरकर गोड बोलतील, काम झाल्यावर नसतें निमित्त काढून आपला नाश करतील, हा युक्तिवाद आहे, आणि तो फर्मानाच्या मर्मावर बसतो. फर्मानानें बक्षिसाचें वचन दिलें. कान्होजी विचारतात, वचन देणारा कोण? सभेंतल्या कोणालाहि याचा पुरावा मागावा लागला नसेल. बोलणारा स्वतः त्या दरबाराच्या कैदेंत राहून आलेला होता. शरण आलेल्या शिऱ्याच्या कस्तुरीरंगाला खानानें कसें मारलें, ही गोष्टहि मावळांत ठाऊक नसेल असें नाहीं. त्यानंतर भावना: हें राज्य आपलें आहे, हिंमत धरून सर्वांनीं एकनिष्ठेनें सेवा करावी. आणि पत? ती सांगावी लागलीच नाहीं. नुकतेंच ज्यानें स्वतःचें वतन सोडलें तो दुसऱ्यांना वतन पणाला लावावयास सांगत होता.

हीं तीन साधनें आपण वर्गांत तीन डब्यांत घालून शिकवितों. येथें तीं वेगळीं काढतां येत नाहींत. काम झाल्यावर विजापूरकर घात करतील, हें वाक्य युक्तिवाद खरेंच, पण जिंजीच्या कैद्याच्या तोंडीं असल्यामुळेंच तो युक्तिवाद पटतो. खोपड्यांच्या तोंडीं तो पोकळ वाटला असता. राज्य आपलें आहे, हें भावनेचें वाक्य. पण तें उच्चारण्याचा अधिकार त्या ओंजळभर पाण्यानें मिळालेला. आमच्या महाविद्यालयांतून या विषयाला उदाहरण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर'मधलीं दोन भाषणें सांगतात, आणि मींहि तींच सांगत आलों. ब्रूटस लोकांना सांगतो कीं माझ्या प्रतिष्ठेसाठीं माझ्यावर विश्वास ठेवा, आणि लोक कांहीं क्षण ठेवतातहि. लगेच अँटनी येऊन सीझरचा जखमी देह आणि मृत्युपत्र दाखवितो, आणि तेच लोक उलटतात. पत मागून घ्यावी लागली कीं ती दुसऱ्या भाषणापर्यंतहि टिकत नाहीं. मावळांतली ती सभा मात्र उलटली नाहीं. पुढच्याच वर्षीं, १३ जुलै १६६० रोजीं, घोडखिंडींत बाजीप्रभूंच्या हाताखालीं जी फळी उभी राहिली ती बांदलांची होती.

येथपर्यंत आलों म्हणजे एक अडचण उभी राहते, आणि ती वाचकांपासून लपविणें बरें नव्हे. हें सर्व आपण जेध्यांच्याच करीन्यावरून बोलत आहों. करीना वतनाच्या कामीं पुढें करण्याचा कागद. आमच्या पूर्वजानें धन्यासाठीं वतनावर पाणी सोडलें, हें सांगण्यासारखा वतनावरचा दुसरा मोठा हक्क कोणता? सोडलेल्या वतनाची हकीकत हीच वतन राखण्याची सनद झाली. म्हणजे मन वळविण्याची ही गोष्ट सांगणारा कागद स्वतःच आपलें मन वळवूं पाहत आहे. मग त्याच्यावर विश्वास कां ठेवावा? याच खोऱ्यांतलें, रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरसप्रभूंना १६४५ मध्यें लिहिलेलें म्हणून जें पत्र सर्वत्र फिरतें, तें अस्सल कीं बनावट यावर अभ्यासकांचा वाद आहे. म्हणून त्याच्यावर मीं येथें भार टाकला नाहीं. करीन्यालाच वेगळी सवलत कां?

माझें उत्तर पुराव्यापेक्षां गद्याकडे अधिक पाहतें. पुरावा थोडा आहेच: फर्मान दुसऱ्या पक्षाचें आहे, आणि कान्होजींना ओढण्याचा प्रयत्न झाला होता हें तें स्वतंत्रपणें सांगतें. पण घराण्याची थोरवी गाण्यासाठींच बसलेल्या लेखकानें कान्होजींच्या तोंडीं स्वराज्यावरचें एक लांब भाषण घातलें असतें. आजचीं नाटकें तेंच करतात. हा लेखक तसें करीत नाहीं. तो शपथेचें सांगतो, आणि शपथ घेणारे महाराज नव्हेत, त्यांचे वडील. स्तुति करणाऱ्याला ही गोष्ट अडचणीची. नव्या राजापेक्षां जुन्या धन्याचा शब्द मोठा ठरतो. तरी ती कागदांत राहिली आहे. विशेषणें जवळजवळ नाहींत. नांवें आहेत, गांवें आहेत, कोणाला कोठें ठेवलें तें आहे. मुलूख वाटून दिल्याच्या कागदांत जो कोरडेपणा असतो तोच येथें आहे, आणि त्यामुळेंच मला तो पटतो. अर्थात् पटवून देण्याच्या कलेंत कोरडेपणा हीहि एक युक्ति असूं शकते. तशी शंका कोणी घेतली तर तिला माझ्याजवळ अखेरचें उत्तर नाहीं.

दुसरी गोष्ट त्याहून जड आहे. ज्या महिन्यांत कान्होजींना नफानुकसान उघड करून सांगितलें गेलें, त्याच सुमारास वाईला खानापुढें महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ निराळीच भाषा बोलत होते. राजा भ्यालेला आहे, खानाला वडिलांच्या ठिकाणीं मानतो, वाईस येण्याचा त्याला धीर होत नाहीं, खानानेंच जावळीला यावें. सभासदाच्या बखरींत हा प्रसंग आहे. खानाला स्वतःविषयीं जें ऐकावयास आवडत होतें तेंच त्याला ऐकविलें गेलें, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजीं तो प्रतापगडाच्या पायथ्याशीं आला. भावनेचा एवढा अचूक उपयोग क्वचितच झाला असेल. खानाच्या फौजेपुढें दुसरा मार्ग नव्हता, आणि खानाचा हेतूहि शुद्ध नव्हता, हें खरें. मी येथें न्याय करावयास बसलों नाहीं. पण वक्तृत्वाचा अभ्यासक म्हणून मला हें पाहावेंच लागतें कीं, एकाच मनुष्याच्या ताब्यांत हीं दोन्ही शस्त्रें होतीं, आणि कोणतें कोठें चालवावयाचें हें त्याला नेमकें कळत होतें. ज्यांच्याबरोबर पुढें राहावयाचें होतें त्यांना त्यानें तोटा सांगितला. ज्याच्याबरोबर राहावयाचें नव्हतें त्याला नफा सांगितला. या कलेचा दुरुपयोग होऊं शकतो, पण तो सद्गुणाखेरीज प्रत्येक चांगल्या वस्तूचा होतो, असें म्हणून ॲरिस्टॉटल या प्रश्नांतून मोकळा झाला आहे. मला तितकें सहज मोकळें होतां येत नाहीं.

कारण खंडोजी खोपड्यांचें प्रकरण अजून संपलेलें नाहीं. खानाचा मोड झाल्यावर ते लपत फिरले आणि शेवटीं त्यांच्या बाजूनें कान्होजींनाच गळ घालण्यांत आली. हैबतराव शिळीमकर मधें पडले. ज्यांनीं आपली बाजू सोडली, ज्यांच्या पायीं सबंध खोरें धोक्यांत आलें, त्यांच्यासाठीं शब्द टाकावयास कान्होजी गेले. त्यांना नाहीं म्हणणें महाराजांना शक्य नव्हतें. मावळांत त्या वेळीं कान्होजींहून मोठी पत कोणाची होती? महाराजांनीं जीव न घेण्याचें कबूल केलें. कांहीं काळानें खंडोजींचा उजवा हात आणि डावा पाय तोडण्यांत आला. कान्होजींनीं विचारलें तेव्हां मिळालेलें उत्तर असें सांगतात कीं, तुमच्या शब्दाखातर जीव राखला. ज्या हातानें तरवार धरली आणि ज्या पायानें शत्रूकडे चालत गेला, त्यांना तेवढी शिक्षा दिली.

स्पर्धेंत हा भाग कोणीहि सांगितला नाहीं. त्या मुलीनेंहि नाहीं, आणि सांगितला असता तर आम्ही परीक्षकांनीं काय केलें असतें कोण जाणे. दिलेला शब्द अक्षराला अक्षर पाळला गेला होता. मागणाऱ्यानें ज्या अर्थानें मागितलें त्या अर्थानें तो पाळला गेला कीं नाहीं, हें कान्होजींनीं कोणाला बोलून दाखविल्याचें मला कोठें आढळलें नाहीं. उत्रौळीचे खोपडे आणि कारीचे जेधे पुढेंहि त्याच खोऱ्यांत नांदत राहिले.